आप्पांची केरळीण

जमिनीत मुळं रोवून उभ्या असलेल्या झाडांचं आप्पांना फारसं कौतुक नव्हतं. "जिमिनीला धरून कुणीबी उभं ऱ्हातंय, बाई," ते म्हणायचे. "बुडाला आधार न्हाई, वारा नेईल तिकडं जायाचं, आन् तरीबी हिरवं ऱ्हायचं. ह्याला म्हणायचं जगणं." असं म्हणून ते समोरच्या काचेच्या पेटीत बोटाचं टोक बुडवत आणि पाण्यावर तरंगणारं एखादं पान अलगद दुसऱ्या कोपऱ्यात सरकवत. त्या कोपऱ्यात काय वेगळं होतं ते मला कधी दिसलं नाही.

आप्पा माझे घरमालक. नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाच्या एका गावात मला हायस्कूलमध्ये नोकरी लागली. गावाच्या खालून भीमा जाते, आणि पूल ओलांडला की दौंड तालुका. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी राजी होईना. मुख्याध्यापक जरा चाचरत म्हणाले, बौद्धवस्तीत रेल्वेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांची मागची खोली रिकामी आहे, चालेल का? मी चालेल म्हणाले. आईला पत्र लिहिलं त्यात मात्र 'घरमालक रेल्वेत होते' एवढंच लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. गप्प राहून भागवायची कला मला तेव्हाही चांगली येत होती.

पुढच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि त्याखाली सात काचपेट्या. टीव्ही नाही, सोफा नाही. पाहुणा आला तर त्यानं पेटीसमोरच्या लाकडी बाकड्यावर बसायचं आणि पाणी बघायचं. पेट्यांत मासेही होते, गप्पी आणि मोली, पण ते आप्पांच्या लेखी भाडेकरू. "घाण करायची आन् झाडं पोसायची, एवढंच काम त्यांचं." मी म्हटलं, मग मी कोण? ते गंभीर होऊन म्हणाले, "तुमी मासा न्हाई, बाई. तुमच्या घाणीचा झाडांना काय उपेग न्हाई."

चेष्टा त्यांना करता येत नसे, त्यामुळे हे ते मनापासूनच बोलले असणार.

त्यांचे कायदे फार. पेटीला झाकण नाही, कारण झाकणाखाली वाफ धरते, थेंब पानावर पडतात आणि पान वरून कुजतं. बुडबुडे सोडणारा पंप नाही, कारण तरंगत्या झाडाला हेलकावा सोसत नाही. नळाचं पाणी दोन दिवस घंगाळात उघडं ठेवल्याशिवाय आत ओतायचं नाही, कारण ग्रामपंचायतीचा शिपाई टीसीएलची जंतुनाशक पावडर अंदाजानं टाकतो. पानं पिवळी पडली तर एक गंजका खिळा दोऱ्याला बांधून सोडायचा, आणि तिसऱ्या दिवशी आठवणीनं काढायचा. नवं झाड आलं की ते एकवीस दिवस मोरीजवळच्या घमेल्यात एकटं राहणार, त्याच्याबरोबर गोगलगाय आली आहे का हे बघण्यासाठी. त्यांची बायको वारली तेव्हाही, त्यांची मुलगी मला सांगत होती, दहाव्याच दिवशी ते घमेल्यात डोकं घालून बसले होते. लोक नावं ठेवत होते. आप्पा म्हणाले होते, "ती गेली. ही आजून हायेत."

झाडांची नावं त्यांनीच ठेवलेली. पुस्तकातली नावं त्यांना माहीत नव्हती आणि नकोही होती. कपाळावरच्या टिकलीएवढी पानं असलेली ती टिकली. पान नाही, मूळ नाही, नुसते हिरवे फाटे एकमेकांत अडकलेले, तो गुंता. आणि केरळीण. दौंड जंक्शनवर त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका मल्याळी गार्डानं ती गावाहून डब्यातून आणून दिलेली. मधोमध दुमडलेली जाडसर पानं आणि त्यांवर बारीक लव. बोटानं दाबून पाण्याखाली नेली तरी सोडल्याबरोबर वर यायची, आणि वर येऊन बघावं तर कोरडीच. आप्पा तिच्यावर खूश होते आणि तिला घाबरूनही होते. "हिला पोट न्हाई, नुसती वाढ हाय," ते म्हणायचे. आठवड्यात दुप्पट होई. दर रविवारी जास्तीची झाडं उपसून बादलीत काढायची, गच्चीवर पोत्यावर पसरून तीन उन्हं द्यायची, पार कुरकुरीत झाली की चुरून लिंबाखाली पुरायची. ओलं झाड घराबाहेर जाता कामा नये, हा सगळ्यांत वरचा कायदा.

एकदा पुण्याहून एक मोटारवाले गृहस्थ पत्ता काढत आले. घरी मोठी काचपेटी आहे, तुमच्याकडची दोन-चार वेगळी झाडं द्या म्हणाले. आप्पांनी चहा दिला, एकेक झाड दाखवलं, आणि शेवटी विचारलं, "जादा झाली तर काय करता?" गृहस्थ म्हणाले, "जीव असतो हो त्यांना. आम्ही नदीत सोडतो." आप्पा उठले आणि दार उघडून उभे राहिले. एवढ्या लांबून आलेला माणूस पानसुद्धा न घेता परत गेला. त्यानंतर आप्पा दिवसभर चिडलेले होते. "जीव आसतो म्हणं! त्या नदीला जीव न्हाई व्हय?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

झाडं शोधायला ते नदीपलीकडे जात. अंगात रेल्वेची जुनी खाकी, सायकलच्या हँडलला दुधाची किटली, आणि चहाची गाळणी बांधलेली एक लांब काठी. केडगाव ते दौंड लोहमार्गाच्या कडेला माती काढून झालेले खड्डे आहेत. पावसाळ्यात ते भरतात आणि दिवाळीपर्यंत पाणी धरतात. नोकरीतल्या दिवसांपासून आप्पांना त्यांतला एकेक खड्डा ठाऊक होता. एकदा असेच ते खड्ड्याच्या काठावर पालथे पडून पाण्यात बघत होते. एका गँगमननं लांबून पाहिलं, तो धावत आला आणि त्यानं ह्यांचे पाय धरून फरफटत दहा हात मागं ओढलं. "बाबा, घरी कोन न्हाई का तुमाला? आसं करू नगा!" म्हणून तो रडायच्या बेताला आला. आप्पा म्हणाले, "आरं मरायचंच आसतं तर रुळावर निजलो आसतो. डबक्यावर कशाला निजू?" तरी त्यानं ऐकलं नाही. केडगाव स्टेशनपर्यंत सोबत येऊन, चहा पाजून, मगच सोडलं.

त्या दिवशी ते शोधत होते ते झाड त्यांना पुढल्या वर्षी मिळालं. अकरा वर्षं शोधत होते म्हणे. मी शाळेतून आले तर दारातच उभे. "बाई, पिशवी ठिवा आन् आधी या." किटलीत मला केसांच्या गुंतवळासारखं काहीतरी दिसलं. पाण्याच्या वर दोऱ्याएवढा देठ आणि त्यावर पिवळं एवढंसं फूल. त्यांनी भिंग हातात दिलं. त्या केसांना मोहरीएवढ्या पिशव्या होत्या, आणि पाण्यातला एक बारीक किडा पिशवीपाशी गेला आणि दिसेनासा झाला. "खाल्ला!" आप्पा म्हणाले. "जिमीन न्हाई, मूळ न्हाई, खायाला कोन घालणार? मंग ह्येनं आपलं आपुन शिकून घेतलं." त्यांनी तिचं नाव उपाशीण ठेवलं. त्या संध्याकाळी त्यांनी वस्तीतल्या सगळ्यांना बोलावून भिंगातून ती दाखवली. इतका आनंदलेला माणूस मी त्या गावात दुसरा पाहिला नाही.

आता माझ्याकडे येते. भाद्रपदात आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मुलगी दौंडला, जावई रेल्वेत, म्हणून ऑपरेशन तिकडेच. पंधरा दिवस घर आणि पेट्या माझ्याकडे. जाताना त्यांनी वहीच्या पानावर सगळं लिहून दिलं आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या: 'वाळवल्याशिवाय टाकू नये.'

पहिल्या रविवारी मी बादलीभर केरळीण उपसून गच्चीवर पसरली. रात्रीपासून झड लागली ती पाच दिवस. झाडं वाळायच्या ऐवजी पोत्यावर मजेत वाढू लागली. मी ती परत बादलीत भरून मोरीत ठेवली. तोवर पेट्या पुन्हा भरल्या होत्या. एकाच्या दोन बादल्या झाल्या. लिंबाखाली खड्डा करावा तर चिखल. आणि खरं सांगायचं तर ती लुसलुशीत हिरवी पानं जिवंत पुरायला माझा हात होईना. आमच्या घरी हिरवं उकिरड्यावर टाकत नसत. देवाची फुलं, दारातली सुकलेली तुळस, गौरींचा तेरडा, सगळं पाण्याला द्यायचं. आई म्हणायची, पाणी सगळं पोटात घेतं.

गौरी-विसर्जनाच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या बायकोनं मला बरोबर बोलावलं. गावाच्या तळ्यावर जायचं होतं. मी दोन्ही बादल्या घेऊन गेले. बायका तेरड्याच्या जुड्या सोडत होत्या, खडे वेचत होत्या, कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी काठाच्या दगडावर बसून बादल्या पाण्यात कलत्या केल्या. पानं पसरत हळूहळू आत गेली. फार छान दिसलं ते. मी हातसुद्धा जोडले.

आप्पा डोळ्याला हिरवं फडकं लावून परतले. बसायच्या आधी विचारलं, "जादा निघालं आसंल?"

"दोन बादल्या."

"वाळवलं?"

"हो. लिंबाखाली पुरलं."

एवढंच. सहज तोंडून गेलं. म्हाताऱ्याला कशाला त्रास, असंही वाटलं.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत तळं दिसेनासं झालं. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवं, एकावर एक थर. आधी भोयांनी सोडलेले मासे मरून कडेला आले. मग पाण्याला वास सुटला आणि म्हशी उतरेनात. आप्पांचा दुसरा डोळा तोवर अधू झाला होता आणि तळं गावाच्या त्या अंगाला, त्यामुळे त्यांना पत्ता नव्हता. मला होता. मी रोज शाळेत जाताना बघत होते आणि रोज मनाशी म्हणत होते की थंडीत जाईल. मग एका शेतकऱ्याचं वासरू गवत समजून त्यावर चालत गेलं आणि बुडालं. ते काढायला गेलेल्या माणसांच्या अंगाला चिकटून ती पानं वस्तीत आली.

आप्पांनी एक पान उचललं, डोळ्याजवळ नेलं, बोटानं त्यावरची लव बघितली. मग ते माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत.

"बाई, माझ्या आपरेशनच्या टायमाला तुमी त्या बादल्या पुरल्या हुत्या न्हवं?"

त्यांचा आवाज संशयाचा नव्हता. हिशेब जुळवून बघावा तसं ते विचारत होते. त्या क्षणी मी एक शब्द बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. वासराचा मालक शाळेच्या कमिटीत होता. मी म्हणाले, "हो आप्पा. लिंबाखालीच."

"मंग माझंच चुकलं. गाळणी मी मोरीत धुतो. मोरीचं पाणी वढ्याला जातंय, आन् वढा तळ्याला. येवढंसं पान गेलं आसंल. मला सुचलंच न्हाई कवा." आणि ते आपल्या खोलीत गेले.

दोन दिवसांनी ग्रामसभा झाली. मी मागे शिक्षकांच्यात बसले होते. हे झाड आलं कुठून, असा प्रश्न निघाला. मागून कुणीतरी म्हणालं, "इतक्या पिढ्या तळं नितळ हुतं. ह्यांचा हात लागला आन्..." वाक्य तिथंच सोडलं. पुरं करायची गरज नव्हती. वस्तीतली तरुण पोरं एकदम उठली. आप्पांनी हातानं त्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले. "झाड माझ्याच घरचं हाय. ह्या भागात दुसऱ्या कुणाकडं न्हाई. चूक माझी हाय. मी काढीन." आणि त्यांनी मान खाली घातली. भर सभेत, सगळ्यांसमोर. वस्तीतली पोरं त्यांच्यावर संतापली, कबूल कशाला झालात म्हणून कित्येक दिवस बोलली नाहीत. आप्पांचं एकच उत्तर, "खरं ते खरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साती पेट्या गच्चीवर उपसल्या. केरळीण एकटी नव्हे, सगळं. टिकली, गुंता, आणि ती अकरा वर्षांनी सापडलेली उपाशीणही. मी म्हटलं, "आप्पा, हिनं काय केलंय? ही राहू द्या." ते म्हणाले, "हिचं काय न्हाई. माझ्या हाताचा भरवसा न्हाई आता." पोत्यावर ती काळी पडली, दुपारपर्यंत तिचं नुसतं सूत उरलं. मी खाली येऊन सहामाहीचे पेपर तपासत बसले. कुणाला किती मार्क दिले देव जाणे.

मग आप्पा तळ्यात उतरले. ट्रकची ट्यूब पोटाला, हातात लांब बांबू. रोज उजाडल्यापासून उन्हं चढेपर्यंत. कडेला ओढायचं, वाळवायचं, पुरायचं. चार हात मोकळे झाले की आठवड्यात पुन्हा भरत. दोन वर्षं मी हे पाहिलं. रविवारी मीही जायची, साडी खोचून काठावरचे ढीग उचलायची. गाव म्हणायचं, बाईंना किती कळवळा आहे बघा. आप्पा म्हणायचे, "बाई, तुमी कशाला हात घाण करून घेता?" त्यांच्या हाताला तोवर खरूज धरली होती, बोटांच्या बेचक्यांतून रक्त यायचं. मग एका हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि मुलगी त्यांना दौंडला घेऊन गेली. माझी नोकरी कायम झाली होती. मी संस्थेच्या शिरूरच्या शाळेत बदली मागून घेतली.

पुढे दोन वर्षं पाऊस झाला नाही. तळं आटलं, तळाची माती भेगाळली, आणि केरळीण सगळी वाळून गेली. माणसांना जे जमलं नाही ते दुष्काळानं केलं. ही बातमी घेऊन मी दौंडला गेले. बातमी हे निमित्त होतं. सभेनंतरची चार वर्षं मला ते पोटात घेऊन जेवण जात नव्हतं, आणि आता झाडच उरलं नाही म्हटल्यावर बोलायला हरकत नाही, असा भेकड विचार मी केला होता.

रेल्वे क्वार्टरच्या व्हरांड्यात आप्पा खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. मला बघून आनंदले. "तुमची शिरूरची यष्टी पाचला हाय न्हवं? मंग निवांत बसा." घरात काचेची एक बरणीसुद्धा दिसली नाही. तळ्याचं सांगितलं तर म्हणाले, "गेली व्हय? बरं झालं." आणि वासरू कुणाचं होतं त्याची चौकशी केली.

मी म्हणाले, "आप्पा, तळ्यात ती मी सोडली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ऑपरेशनच्या वेळी. पाऊस होता, वाळेना. गौरींच्या दिवशी मी दोन्ही बादल्या तळ्यात सोडल्या. तुमच्याशी खोटं बोलले. दोनदा."

"मंग मोरीतनं न्हाई गेली?"

"नाही."

"गाळणीनंबी न्हाई."

"नाही आप्पा. तुमचं काही चुकलं नव्हतं."

मला वाटत होतं ते चिडतील. किंवा "माझ्या मनात हुतंच, जाऊ द्या" म्हणतील. ते बोलले ते आपल्या हातांकडे बघत, अगदी हळू.

"माझा आज्जा त्या तळ्यावर मडकं घिऊन बसायचा, बाई. कुणी वरनं वतंल म्हणून. दुपार दुपार बसायचा, मान खाली घालून. त्याची काय चूक हुती? काय न्हाई. मी लहानपणी ठरवलं हुतं, दुसऱ्याच्या पायी आपुन मान खाली घालायची न्हाई. नोकरीत साहेबापुढं न्हाई घातली. सभेत घातली तवा मनाला समजावलं, ही आज्ज्यावाणी न्हाई. चूक माझी, तर मान माझी. ह्यात लाज कसली? त्येवढ्यावर चार वरसं काढली मी."

मी रडत होते. माफ करा म्हणाले, दोन-तीनदा म्हणाले. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून मुलीला हाक मारली.

"पोरी, बाईंच्या गाडीची येळ झाली."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. मी उठले आणि चपला घातल्या.